बघू की

आमच्या गल्लीतील तीन पिढ्या मला आत्या म्हणत आल्या आहेत, आणि दाखले, वाटणी, लग्नकार्य यांपैकी कोणत्याही बाबतीत आत्याला विचारून घ्यावे असा जो एक प्रघात तेथे पडून गेला आहे त्यास अनुसरून गेल्या महिन्यात एक मुलगी दिवेलागणीच्या वेळी माझ्याकडे आली, ओढणीच्या टोकाशी बराच वेळ चाळा करीत बसली आणि उठता उठता, जणू काही शेजारणीसाठी विचारते आहे अशा स्वरात, म्हणाली, "आत्या, एखाद्या माणसासाठी किती दिवस थांबावं?" तिला मी त्या दिवशी चहा दिला, उत्तर दिले नाही. ज्या प्रश्नापायी माझ्या तारुण्याची सहा वर्षे खर्ची पडली त्याचे उत्तर उंबरठ्यावर उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते, म्हणून ते आता सावकाश, जसे घडले तसे, कागदावर रुजू करीत आहे.

ज्याच्यासाठी मी थांबले तो माणूस वाईट नव्हता, हे आरंभीच नमूद करून ठेवते. लबाड माणसापासून कसे जपावे हे सांगणाऱ्या बायका प्रत्येक वाड्यात असतात. परंतु सुस्वभावी, सुशिक्षित, आपल्यावर खरोखर जीव असलेला आणि तरीही काहीच न ठरवणारा माणूस जी हानी करून जातो तिची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, कारण ती भरून मागावी तर गुन्हा कोणता हेच सांगता येत नाही.

कोल्हापूरच्या बोलीत वाक्याच्या शेवटी जो 'की' येतो त्याचे मर्म परगावच्या माणसास सहसा उमगत नाही. 'जेवा की', 'येतो की', 'करू की' यांतला हा 'की' व्याकरणाच्या पुस्तकातील उभयान्वयी अव्यय नसून पाठीवर ठेवलेला हात असतो. त्यात आग्रह असतो, आश्वासन असते, आपलेपणा असतो. मात्र हाच 'की' 'बघू' या क्रियापदाला चिकटला म्हणजे त्यातून असे काही विलक्षण रसायन तयार होते की, बोलणाऱ्याने कशालाच होकार दिलेला नसतो आणि ऐकणाऱ्याला मात्र सारे काही मिळाल्यासारखे वाटते. सहा वर्षांत मी लग्नाचा विषय किती वेळा काढला त्याची मोजदाद ठेवली नाही, पण प्रत्येक वेळी मिळालेले उत्तर मला अक्षरशः पाठ आहे, कारण ते एकच होते: "बघू की."

१९६६ साली मी दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून होते आणि हे उत्तर देणारे गृहस्थ एका महाविद्यालयात अध्यापक होते. त्यांच्या वडिलांच्या जमिनीच्या खरेदीखताची नक्कल हवी होती, त्या निमित्ताने ओळख झाली. पुढे पुस्तकांची देवघेव, आणि त्यापुढे रंकाळ्यावरचे फिरणे. रंकाळ्यातला संध्यामठ उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडा पडतो आणि पावसाळ्यात तलाव भरला की पुन्हा पाण्याखाली जातो. त्याचे दगड मी त्यांच्यासमवेत सहा उन्हाळे उघडे पाहिले व सहा पावसाळे बुडताना पाहिले, आणि या अवधीत आमच्या संबंधांत जो बदल झाला तो एवढाच की, 'अहो बाई' ऐवजी ते मला नावाने हाक मारू लागले.

लग्न न ठरण्याचे पहिले कारण होते जातीचे. आमची जात निराळी होती, त्यांच्या मातोश्री कर्मठ होत्या, आणि या कारणापुढे मी इतकी नम्र होऊन गेले की, आपण कोणत्या गावात राहतो याचेही मला विस्मरण झाले. ज्या संस्थानात शाहू छत्रपतींनी आंतरजातीय विवाहास मान्यता देणारा कायदा १९१९ सालीच केला, आणि केवळ कायदा करून न थांबता आपल्या कागलकर घाटगे घराण्यातील मुलगी इंदूरच्या होळकरांच्या घरी देण्याचे ठरवले, त्या कोल्हापुरात मी अर्ध्या शतकानंतर जात या शब्दाला मान तुकवीत होते! ते होळकरांकडील लग्न महाराजांना पाहावयास मिळाले नाही. १९२२ साली ते निवर्तले आणि लग्न १९२४ साली लागले. ठरवणारा माणूस गेल्यानंतरही ठरलेली गोष्ट पार पडली, याचे मला अलीकडे फार नवल वाटते. माझ्या बाबतीत ठरवणारा धडधाकट होता, रोज सायंकाळी भेटत होता.

याच काळात एक प्रसंग असा घडला की ज्याने माझी दृष्टी पुढील चार वर्षांसाठी अधू करून टाकली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या जुन्या घराच्या भिंती हलल्या, फळीवरची भांडी कोसळली, सारी गल्ली घोंगड्या पांघरून रस्त्यावर आली. आणि उजाडण्यापूर्वी, त्या गोंधळात, ते सायकलवरून धापा टाकीत आमच्या दारात येऊन उभे राहिले. आम्ही सुखरूप आहोत एवढे पाहिले, आणि एक शब्द न बोलता परत गेले. या माणसाचे आपल्यावर प्रेम आहे किंवा नाही ही शंका त्या क्षणी माझ्या मनातून कायमची नाहीशी झाली, आणि ती नाहीशी झाली हे यथार्थच होते. चूक झाली ती पुढे. संकटात धावून येणारा माणूस संसारातही सोबत येईलच असे मी गृहीत धरले. वस्तुतः धरणीकंपात धावण्यास निर्णय लागत नाही. पाय आपोआप धावतात. निर्णय लागतो तो मंगळवारी दुपारी, सगळे काही स्थिरस्थावर असताना.

आमच्या पिढीला आणखी एक व्याधी होती. विष्णु सखाराम खांडेकर त्या वेळी आमच्याच गावी राहत होते, आणि त्यांच्या ध्येयवादी नायक-नायिकांवर वाढलेल्या आम्हा मुलींना सोसणे म्हणजेच प्रेम करणे असे प्रामाणिकपणे वाटत असे. खांडेकरांचा यात काहीच दोष नाही. वाचणारीने कादंबरी मिटल्यावर दिवा मालवून झोपावे, त्यातली माणसे कचेरीत घेऊन जाऊ नयेत. १९६९ साली मला बढतीवर रत्नागिरीस जाण्याचा हुकूम आला, आणि रंकाळ्यावरच्या संध्याकाळी अंतरतील म्हणून मी बढती नाकारली. त्यांनी नाकार असे म्हटले नव्हते. घे असेही म्हटले नव्हते. पुढची बढती येण्यास नऊ वर्षे लागली.

आता जो भाग मी विशेष तपशिलाने सांगणार आहे तो त्या मुलीने नीट वाचावा. १९७० मध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले, आणि 'हिचे उरकल्याखेरीज माझे कसे?' हे मधल्या काळात उभे राहिलेले दुसरे कारण संपले. १९७१ च्या दिवाळीत त्यांच्या मातोश्रींनी, ज्यांच्या कर्मठपणाच्या आड आम्ही दोघेही पाच वर्षे उभे होतो, मला घरी बोलावले, माझ्या हातची पुरणपोळी खाल्ली आणि आपल्या मुलासमोर मला सांगितले, "पोरी, माझी काही हरकत नाही. तुम्ही दोघं ठरवा." मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले. तेथे आनंद असेल अशी माझी खात्री होती. दिसली ती धास्ती. पुराच्या पाण्यात ज्या भिंतीच्या आडोशाला माणूस उभा आहे ती भिंतच खचावी, तसा तो चेहरा झाला होता. कारणे होती तोवर माणूस त्यांच्यामागे झाकलेला राहिला. ती एकेक करून दूर झाली तेव्हा जो दिसला तोच खरा होता. मी ते पाहिले, समजले, आणि तरीही आणखी सहा महिने समजून घेतले नाही.

मीच नोटिशीचा विषय काढला. विशेष विवाह कायदा १९५४ चा; त्याची कलमे मला आमच्या खात्यामुळे तोंडपाठ होती. उभयतांच्या सहीची नोटीस द्यावयाची, ती कचेरीच्या फलकावर तीस दिवस लागावयाची, कोणाची हरकत न आल्यास तीन साक्षीदारांसमक्ष विवाह व्हावयाचा, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत तो न झाल्यास ती नोटीस रद्द समजून नव्याने द्यावयाची. ३१ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी माझ्या शेजारी बसून सही केली. महालक्ष्मीच्या देवळातील किरणोत्सवाचा तो पहिला दिवस. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येत पहिल्या दिवशी देवीच्या चरणांशी पोहोचतात, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत चढतात आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दर्शनास गेलो. तिसऱ्या दिवशी त्यांना कॉलेजात काम निघाले.

फलकावरील कागदाला हरकत घेण्यास कोणीही आले नाही. मार्चमध्ये परीक्षा होत्या, एप्रिलमध्ये एक मावशी आजारी होती. शेवटी २८ एप्रिल ही तारीख मी ठरवली. माझा भाऊ, कचेरीतील एक वयस्क सहकारी आणि एक मैत्रीण असे तीन साक्षीदार वेळेवर हजर झाले, आणि बाराच्या सुमारास एक विद्यार्थी चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीत लिहिले होते की, उत्तरपत्रिका तपासण्याचे काम अंगावर आले आहे, आणि नोटीस पुन्हाही देता येतेच. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनचूक होते! आठवड्याभरात शिपायाने फलकावरचा तो कागद काढला आणि मला विचारले, "बाई, ह्यो फायलीला लावू का टाकू?" मी म्हटले, फायलीला लावा. कागद होता, त्याची जागा तीच होती.

२८ एप्रिलच्या सायंकाळी ते रंकाळ्यावर आले होते असे मला नंतर कळले. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी पत्राने कळवले की, दुसरी नोटीस मी देणार नाही आणि वाटही पाहणार नाही. उत्तर आले नाही. मी पुढे अविवाहित राहिले ते त्यांच्यामुळे नव्हे. नंतर आलेली दोन चांगली स्थळे मला स्वतःलाच मानवली नाहीत, त्याचे श्रेय वा अपश्रेय त्यांच्या खाती टाकणे अन्यायाचे होईल.

नोंदणीच्या नोकरीत एक गोष्ट रोज डोळ्यांसमोर होती आणि ती स्वतःला लावून पाहण्यास मला इतकी वर्षे लागली. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीस हजर करावा लागतो; सबळ कारणाने उशीर झाला तर दंड भरून आणखी चार महिने मिळतात; त्यापुढे कितीही खरा, कितीही सचोटीचा दस्त असला तरी कारकून तो परत करतो. लोक रडत, माझ्याशी भांडत, आणि मी त्यांना शांतपणे सांगत असे की मुदत ही तुम्हाला शिक्षा नव्हे, मुदत नसेल तर दस्त आणि रद्दी यांत फरक राहणार नाही. फारसी-मराठी कोश रचणारे माधव ज्यूलियन आमच्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवीत असत. त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य माझ्या पिढीला लाभले नाही, पण एका जुन्या मुन्शींकडून एक गोष्ट मी शिकले. 'करार' या शब्दाचा फारसीतील अर्थ स्वस्थता, विसावा असाही आहे. आपण त्याचा अर्थ बोली, कबुलायत एवढाच ठेवला, आणि 'करारी' हे विशेषण निश्चयी माणसाला दिले. या तीन अर्थांना एकमेकांपासून तोडता येत नाही हे मला सहा वर्षे स्वस्थता न लाभल्यामुळेच समजले.

तेव्हा मुली, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, दिवस किती हा मुद्दा नाही, तारीख आहे की नाही हा मुद्दा आहे. आईचे आजारपण, बहिणीचे लग्न, नोकरी कायम होणे ही खरी कारणे असू शकतात, आणि खऱ्या कारणासाठी दोन वर्षेही थांबावे. मात्र ते कारण संपेल त्या दिवशी काय होईल हे आजच विचारून ठेव, आणि ते संपल्यावर त्याच्या जागी नवे कारण उगवले तर त्या नव्या कारणाची चौकशी करत बसू नकोस. त्याच्यावर मामा, काका, मित्रमंडळी यांचे दडपण आणू नकोस. धाकाने घेतलेल्या सहीची किंमत मी माझ्या टेबलावर पाहिलेली आहे. रडून, रुसून, दुसऱ्या स्थळाची भीती घालूनही काही मागू नकोस. आपली मुदत आपण ठरवावी, त्याला एकदा स्वच्छ शब्दांत सांगावी आणि, येथेच बहुतेकजणी फसतात, ती स्वतःच वाढवू नये. तोपर्यंत बदली आली तर जावे, परीक्षा असेल तर द्यावी. आपले आयुष्य तहकूब ठेवून वाट पाहू नये. आणि त्याने 'मला लग्न करायचेच नाही' असे सांगितले तर त्याचे आभार मान. नकार देणारा माणूस प्रामाणिक असतो. मला तो मिळाला असता तर १९६९ साली मी बढतीवर रत्नागिरीस गेले असते. मुलगेही याच फेऱ्यात सापडलेले मी पाहिले आहेत, त्यांनाही हेच लागू.

नोटिशीच्या अर्जाचा नमुना अजून माझ्या पेटीत आहे, आणि तो भरून देण्यास मला आनंदच होईल. शनिवारी दुपारी तीननंतर मी घरी असते. येताना दोघांनी यावे.