डीजेचा व्यवसाय : साउंडचे कर्ज की संगीताचे शिक्षण?

वाशीम जिल्ह्यात क्लब-संस्कृती रुजलेली नाही, आणि त्यामुळे बारावीचा विद्यार्थी डीजे होण्याची इच्छा बोलून दाखवतो तेव्हा पालकांच्या डोळ्यांसमोर पिकअप गाडीवर रचलेले बेस, जनरेटर आणि वरातीपुढचा धुरळा एवढेच उभे राहते. त्यांची धास्ती निराधार नाही. मात्र मुलगा बिघडेल या भीतीपेक्षा साउंडसाठी काढलेले कर्ज फिटणार नाही, ही भीती अधिक खरी आहे.

वाशीम, रिसोड, कारंजा या भागांत हा व्यवसाय मुख्यतः भाड्याच्या साउंडचा असून तो शेतीच्या चक्राला बांधलेला आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात; सोयाबीनला भाव मिळाला तर इसार लवकर हाती पडतो, नाही मिळाला तर वरातीच्याच खर्चाला आधी कात्री लागते; आणि चातुर्मासात गणपती-दुर्गा विसर्जन सोडले तर यंत्रे झाकून ठेवावी लागतात, हप्ता मात्र दरमहा येतो. त्यातच २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल (आवाजाची तीव्रता मोजण्याचे एकक) ही मर्यादा घातली आहे, जी बेसची भिंत पहिल्या ठोक्यालाच ओलांडते.

याउलट या क्षेत्रात ज्या कलाकार-जोड्या पुढे गेल्या, त्यांचे भांडवल स्वतःचे संगीत हेच होते. क्रेटेक्स या नावाने संगीत करणारे कृणाल घोरपडे आणि रॅपर श्रेयस सागवेकर यांचे ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने प्रकाशित केले. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोक्यांच्या ‘हाउस’ या नृत्यसंगीत प्रकारात मराठी शब्द बसवलेले हे गाणे रील्समधून देशभर पोहोचले. मुंबईच्या प्रयाग मेहता आणि ऋषभ जोशी यांची ‘लॉस्ट स्टोरीज’ ही जोडी बेल्जियमच्या टुमॉरोलँड महोत्सवात वाजवून आली आहे आणि तिने संगीतनिर्मिती शिकवणारी अकादमीही काढली आहे. अर्थात अशी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच, हेही पालकांनी मुलांना सांगावे.

शिकायचे असते ते नेमके काय? ‘बीटमॅचिंग’ म्हणजे चालू गाण्याच्या ठोक्यांशी पुढच्या गाण्याचे ठोके जुळवणे: पुढचे गाणे आधी फक्त हेडफोनमध्ये ऐकायचे, त्याची गती सरकपट्टीने किंचित कमी-जास्त करायची, आणि ते श्रोत्यांसाठी खुले करताना आधीच्या गाण्याचा खर्ज कापायचा, कारण दोन खर्ज एकत्र आले की सगळाच आवाज गढूळ होतो. एवढ्यासाठी लॅपटॉप, छोटा कंट्रोलर (गाणी मिसळण्याचे यंत्र) आणि बरे हेडफोन पुरतात. पदवी मात्र सोडू नये, कारण पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील ध्वनिविषयक अभ्यासक्रमास ती लागते. कानांचीही काळजी घ्यावी. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित मानले, तर दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते.

कायद्याचे एक कलम सहसा कोणी सांगत नाही: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीत इतरांची गाणी वाजवण्यास सवलत आहे, हॉटेल वा क्लबमधील व्यावसायिक कार्यक्रमाला नाही, तेथे परवाना लागतो. दोघे मित्र जोडीने गाणे करणार असतील, तर शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि रॉयल्टीत, म्हणजे गाणे वापरले गेल्याबद्दल मिळणाऱ्या मोबदल्यात, कोणाचा किती वाटा, हे पहिले गाणे बाहेर पडण्यापूर्वी कागदावर लिहून दोघांनी सही करावी.