गावाची आठवण कशी राखावी?
(गारगोटी गावावरून घेतलेला एक पाठ)

वाचकहो, गारगोटी हे कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याचे ठाणे. गाव वेदगंगेच्या काठी वसले आहे. गारगोटी हा आपल्या भाषेत दगडाचाही शब्द आहे. पांढरा, कठीण, नदीच्या पात्रात सापडणारा हा दगड सर्वांनी पाहिला असेल. लहानपणी आजोळी गेलो की आम्ही पोरे अंधाऱ्या खोलीत बसून दोन गारगोट्या एकमेकींवर घाशीत असू. मग दगडाच्या पोटात तांबूस उजेड पडे आणि नाकाला जळका वास येई. एकच गारगोटी हातात घेऊन रात्रभर बसा, काही व्हायचे नाही. दुसरी लागतेच.

गावाच्या आठवणीचेही तसेच आहे. ती एकट्या माणसाजवळ राहत नाही. सांगणारा एक लागतो आणि ऐकणारा दुसरा. दोघांतला एक उठून गेला की दुसऱ्याजवळ नुसता दगड उरतो. या महिन्याच्या पाठात एवढीच गोष्ट शिकायची आहे.

कोणी विचारील, हरिकथेच्या मासिकात गावकथा कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याला आमचे उत्तर असे. वेदगंगा पुढे दूधगंगेला मिळते. दूधगंगा कृष्णेला मिळते. आणि आपली चंद्रभागा, म्हणजे भीमा, तीही शेवटी रायचूरकडे कृष्णेलाच जाऊन मिळते. वारीला गेल्यावर आपण ज्या पाण्यात उतरतो ते पाणी आणि आपल्या घरामागचे पाणी पुढे एकच होते. ज्याने आपल्या गावाचे ऋण ओळखले नाही, त्याला संतांचे ऋण तरी काय कळणार?

आता आमचीच चूक आधी सांगतो. दुसऱ्याला शिकवायला बसायचे तर आपली पाटी आधी दाखवावी.

आमचे आजोळ गारगोटीचे. आजी दर हिवाळ्यात शेगडीपाशी बसली की एक गोष्ट काढायची. बेचाळीस सालची. "त्या राती मी दिवा फुंकला न् लेकरांच्या तोंडावर हात ठेवला," अशी तिची सुरुवात असे. आम्ही तेव्हा शाळा-कॉलेजातले. आम्ही म्हणायचो, "आज्जी, किती वेळा सांगतीस गं तेच तेच!" मग ती हसायची आणि म्हणायची, "बरं बाबा, न्हाई सांगत." असे होता होता एका वर्षी तिने सांगायचेच सोडले. पुढे ती गेली. आता आमच्याजवळ ते पहिले वाक्य तेवढे आहे. दार कोणी ठोठावले होते का, पहाटे ती कोणाशी काय बोलली, आजोबा घरी होते की रानात, यातले काही आम्हांस ठाऊक नाही. विचारायचे तेव्हा विचारले नाही. आता विचारायला माणूस नाही.

ती कोणत्या दिवसाबद्दल बोलत होती, ते मात्र सांगता येते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला. त्यानंतर चळवळ शहरांतून खेड्यांत उतरली. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते, पण संस्थानच्या हद्दीवर वारा काही थांबत नाही. १३ डिसेंबर १९४२ रोजी, रविवारी, क्रांतिकारकांच्या एका तुकडीने गारगोटीच्या सरकारी कचेरीवर आणि खजिन्यावर हल्ला केला. गोळीबार झाला आणि सात जण तेथे हुतात्मा झाले. दरवर्षी १३ डिसेंबरला गारगोटीत त्यांना अभिवादन केले जाते.

आता एक गंमत पाहा. भागात कोणालाही विचारा, "गारगोटीचे हुतात्मे कोण?" उत्तर येते, "स्वामी-वारके." करवीरय्या स्वामी आणि नारायण वारके ही दोन नावे लोकांच्या तोंडी अशी जोडून बसली आहेत की जणू एकच नाव. मुरगूडला गेलात तर तुकाराम भारमल हे नाव ऐकायला मिळेल, कारण तिथल्या चौकालाच हुतात्मा तुकाराम यांचे नाव आहे. ही झाली तीन नावे. राहिलेल्या चार जणांचे काय? आम्ही एका भजनी मंडळात बसून हा प्रश्न विचारला. वीसएक माणसे होती, शिकलेली होती. तीन नावांच्या पुढे कोणी गेले नाही. आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हीही तीनच सांगू शकलो असतो. सगळ्यांनी माना खाली घातल्या, त्यांत आमचीही होती.

राहिलेली चार नावे आम्ही या पानावर मुद्दाम छापत नाही. छापील नाव डोळ्याखालून जाते आणि पान उलटले की विसरते. चालत जाऊन, उभे राहून, बोट ठेवून वाचलेले नाव राहते. वारकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पंढरपूर नकाशावर पाहणे निराळे आणि पायी जाणे निराळे.

या सातांबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ही सगळी काही गारगोटीच्या पेठेतली माणसे नव्हती. मुरगूड-कापशीकडून, आसपासच्या खेड्यापाड्यांतून ती आली होती. त्यांचे घरदार, शेतीभाती दुसरीकडे होती आणि रक्त मात्र गारगोटीच्या मातीत सांडले. म्हणजे गारगोटीवरचे हे ऋण मुख्यतः शेजारच्या गावांचे आहे. आपल्या गावचा इतिहास लिहायला बसले की आपण 'आमचे', 'आमचे' म्हणू लागतो. थोडे खोल गेले की कळते, गाव उभे असते ते बऱ्याच अंशी बाहेरून आलेल्यांच्या देण्यावर.

याचा दुसरा दाखला गावातच आहे. हल्ल्याला दहा वर्षे झाली आणि १९५२ साली त्याच गारगोटीत श्री मौनी विद्यापीठ स्थापन झाले. मधल्या काळात, १९४९ साली, कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते. कोल्हापूरचे डॉ. व्ही. टी. पाटील आणि शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांची ही कामगिरी. नाईक मूळचे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. कायदेभंगाच्या चळवळीत ते बेल्लारीच्या तुरुंगात होते, तिथे रोग्यांची शुश्रूषा शिकले. सुटल्यावर धारवाडकडच्या एका खेड्यात जाऊन राहिले आणि तिथल्या लोकांची सेवा केली. पुढे १९६४ ते १९६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. असा माणूस दिल्ली-मुंबई सोडून डोंगराकडेच्या गारगोटीत शाळा काढायला आला, ती का? खेड्यातल्या पोराला खेड्यातच चांगले शिक्षण मिळावे, आणि शिकून त्याने खेड्याला पाठ दाखवू नये, म्हणून. बालवाडीपासून महाविद्यालयापर्यंत, शिवाय ग्रामीण भागाला लागणारे इंजिनियरीचे शिक्षण, असा पसारा तिथे उभा राहिला. ज्या गावात लोक सरकारी कचेरीला भीत, त्या गावी आता चहूबाजूंची पोरे वह्या घेऊन येऊ लागली.

विद्यापीठाला नाव दिले ते मौनी महाराजांचे. गारगोटीहून वेदगंगेच्या काठाने वर वर गेले की पाटगाव लागते. तिथे महाराजांचा मठ आणि समाधी आहे. दक्षिणेच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनास आले होते, असे परंपरा सांगते. पाटगावच्या धरणाच्या जलाशयाला मौनीसागर म्हणतात, आणि खाली बिद्रीच्या सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीला मौनीनगर. बघा, न बोलणाऱ्या एका साधूचे नाव पाण्याला, शाळेला आणि उसाच्या कारखान्याला लागले, आणि लोकांच्या तोंडी रोज येते. नावाला काम जोडले म्हणजे नाव टिकते. नुसता दगड बसवला की काही वर्षांनी त्यावर पावसाळी शेवाळ धरते.

आणि जिथे काम जोडले गेले नाही, तिथे काय होते तेही याच तालुक्यात दिसते. भुदरगड किल्ला शिलाहार राजा भोज याच्या काळचा मानतात. वर भैरवनाथाचे देऊळ आहे, दूधसागर नावाचा मोठा तलाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या गड राखणारे गडकरी तिथे होते आणि त्यासाठी त्यांना जमिनी लावून दिलेल्या होत्या. इंग्रजांच्या देखरेखीखालच्या कारभाराने त्या जमिनी मामलेदाराच्या हाताखाली आणल्या, तेव्हा १८४४ साली सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी बंड केले. इंग्रजांनी फौज पाठवून गड घेतले. त्या गडकऱ्यांची किती नावे आज कोणाला येतात? ९८ वर्षांनी त्याच मुलखातल्या कचेरीवर पुन्हा माणसे चालून गेली, हा संबंध तरी कितीजणांच्या ध्यानात आहे? भैरवनाथाची यात्रा भरते म्हणून गड लोकांच्या पायाखाली राहिला. गडकरी मात्र विसरले गेले.

तर मग आठवण राखायची कशी? यासाठी आपल्याला दूर जायला नको. आपल्या संप्रदायातच याची रीत घालून दिलेली आहे.

पहिली गोष्ट, लिहून घेणारा हवा. माउलींनी नेवाश्यास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. तुकोबारायांचे अभंग संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवल्याचे आपण सांगत आलो. बोलणारे थोर होतेच. पण लिहिणारा शेजारी बसला नसता तर आपल्यापर्यंत काय पोचले असते?

दुसरी गोष्ट, ताडून पाहणारा हवा. पावणेतीनशे-तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले. तेव्हा शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी प्रती एकमेकींशी ताडून ग्रंथ शुद्ध केला. आठवणींचेही असेच शोधन करावे लागते. गारगोटीकडचे एक वृद्ध आम्हांस म्हणाले, "आगष्टातच झालं की ते! आगष्ट क्रांती म्हंत्यात न्हवं?" आम्ही वही मिटणार, तोच ते पुढे म्हणाले, "लई थंडी. म्हातारी माणसं शेकोटीपासनं हलायची न्हाईत." आता पाहा, आमच्या भागात ऑगस्टात पाऊस कोसळतो, शेकोटी डिसेंबरात पेटते. महिन्याचे नाव त्यांनी पुढे कोणाच्या भाषणात ऐकले असेल. थंडी मात्र त्यांच्या अंगाने लक्षात ठेवली होती. म्हणून सांगणाऱ्याला खोटे पाडू नये आणि त्याचे सगळेच खरेही मानू नये. तोंडचे, दगडावरचे आणि कागदावरचे अशी तिन्ही शेजारी ठेवावी.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. ज्ञानेश्वरी शुद्ध केल्यावर नाथमहाराजांनी बजावून ठेवले की पुढे कोणी आपली ओवी यात घालू नये. आठवण लिहिताना हात शिवशिवतो. आजीच्या त्या एका वाक्यापुढे आम्हांलाही दोन वाक्ये जोडता आली असती. मग वाचणाऱ्याला रंग चढला असता. पण ती आजीची आठवण राहिली नसती, आमची कादंबरी झाली असती. जिथे ठाऊक नाही तिथे जागा कोरी सोडावी. कोरी जागा पाहून एखादे दिवशी कोणीतरी येईल आणि म्हणेल, "हे मला माहीत आहे."

म्हणून या महिन्याचा अभ्यास असा:

१. आपल्या गावातील सर्वांत वयस्क तीन माणसांकडे जावे. एका वेळी एकाकडेच. वही बरोबर न्यावी, आणि हातात फोन असेल तर त्यांच्या परवानगीने आवाजही धरून ठेवावा. त्यांना मध्ये तोडू नये.

२. सांगितलेली गोष्ट त्यांच्याच बोलीत लिहावी. "न्हाई" म्हणाले तर "नाही" करू नये.

३. गावात जो चौक, शाळा, विहीर किंवा पार एखाद्याच्या नावाचा असेल, त्या नावाचा माणूस कोण होता ते शोधावे. तो बाहेरगावचा असल्यास त्याच्या गावी जाऊन यावे.

४. गारगोटीच्या बाजूचे जे असतील त्यांनी हुतात्म्यांच्या स्मृतिस्थळी जावे, सातही नावे वाचून वहीत उतरावी आणि येत्या १३ डिसेंबरला आपल्या मंडळात भजनापूर्वी मोठ्याने म्हणावी. सात नावे म्हणायला अर्धे मिनिट लागत नाही.

५. लिहून झालेली वही सांगणाऱ्याला वाचून दाखवावी. हे विसरू नये. आपले बोलणे कोणीतरी ऐकले आणि राखले, हे त्या माणसाला जिवंतपणी कळू द्यावे.

पाचवे कलम आम्ही सर्वांत शेवटी घातले, पण आमच्या मनात ते पहिले आहे. आमच्या आजीला ते सुख आम्ही दिले नाही. आता दर डिसेंबरात तिचे ते एक वाक्य वहीच्या पानावर लिहितो, तारीख घालतो आणि खालची जागा कोरी ठेवतो. तुमच्या घरी शेगडीपाशी कोणी बसलेले असेल, आणि जुनीच गोष्ट पुन्हा काढत असेल, तर आज "किती वेळा सांगता!" असे म्हणू नका. जवळ सरका आणि विचारा, "मग पुढे काय झाले?"