पेट्रोल-जीपचें टायमिंग घरीं कसें लावावें

आमच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत जुनी पेट्रोल-जीप बाळगणारे बागाइतदार अजून आहेत. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें अमेरिकेच्या विलिस जीपा आपल्याकडे जुळवावयास स्वातंत्र्याच्या सुमारास आरंभ केला. त्या जातीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाविषयीं हा लेख आहे. हल्लींच्या गाड्यांत हें काम संगणक करितो, आणि डिझेल इंजिनांत तर ठिणगीच नसते.

गेल्या वैशाखांत एका मिस्त्र्यानें ‘ओढ वाढेल’ म्हणून आमच्या जीपचें टायमिंग बरेंच पुढें घेतलें. दुसऱ्या दिवशीं आमच्या धाकट्या बंधूंनीं हँडल मारिलें तों तें उलट फिरलें व त्यांचें मनगट मोडलें. पेरणीच्या तोंडावर घरचा एक कर्ता हात दीड महिना गळ्यांत अडकला. (हँडल धरितांना आंगठा बोटांच्याच बाजूस असावा आणि हँडल खालून वर ओढावें, हें तेव्हांपासून आमच्या घरीं पोरांनाहि ठाऊक आहे.)

असें कां होतें? पेट्रोलची वाफ एकदम पेटत नाहीं. ज्वाळा पसरण्यास क्षणाचा अंश लागतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोंचण्यापूर्वींच ठिणगी पाडावी लागते. या इंजिनास ती 5 अंश आधीं हवी. फारच आधीं पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच धक्का बसतो, इंजिन खडखडतें व पिस्टन जळण्याचें भय असतें. उशिरां पडली तर ओढ जाते, पेट्रोल अधिक लागतें आणि पाणी उकळूं लागतें. वेग वाढतो तशी ठिणगी आणखी आधीं पाडण्याचें काम डिस्ट्रिब्यूटरांतील वजनें आपोआप करितात. आपणांस फक्त आरंभ नीट लावून द्यावयाचा असतो.

प्रथम पॉइंटांची फट पाहावी. ती पूर्ण उघडली असतां 0.020 इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर असावी. फट बदलली कीं टायमिंगहि बदलतें, म्हणून हा क्रम उलटा करूं नये. मग स्विच बंद ठेवून चारहि प्लग काढावे, आणि कॉइलची मधली जाड तार डिस्ट्रिब्यूटरकडून सोडवून इंजिनाच्या लोखंडास टेकवून ठेवावी. पुढच्या, म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या भोंकावर आंगठा ठेवून दुसऱ्याकडून हँडल हळूहळू फिरवावें. हवा आंगठा ढकलूं लागली कीं खुणेकडे लक्ष द्यावें. कांहीं इंजिनांत ती फ्लायव्हीलवर, बाजूच्या छिद्रांतून दिसते. कांहींत पुढच्या पुलीपाशीं असते. पुलीवर माथ्याचीच खूण असेल तर हिशेब सोपा आहे: पुलीचा व्यास 6 इंच असल्यास परीघ सुमारें 19 इंच, आणि 5 अंश म्हणजे जवळजवळ पाव इंच. खूण ओलांडली गेल्यास थोडें मागें जाऊन पुन्हां पुढूनच यावें, नाहींतर दात्यांतील ढिलाई चूक करविते. रोटरचें टोंक पहिल्या प्लगच्या तारेकडे आहे ना, तेंहि पाहून घ्यावें. पेटण्याचा क्रम 1-3-4-2 असा आहे.

आतां बॅटरीच्याच व्होल्टचा लहान दिवा घेऊन त्याची एक तार डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूच्या बारीक तारेच्या स्क्रूस व दुसरी लोखंडास लावावी. डिस्ट्रिब्यूटरचा पट्टा सैल करावा, स्विच द्यावा. पॉइंट मिटले असतां दिवा विझतो, उघडतांच लागतो. डिस्ट्रिब्यूटर आधीं रोटरच्या दिशेनें दिवा विझेपर्यंत फिरवावा, मग उलट दिशेनें अगदीं हळू आणावा. दिवा ज्या क्षणीं लागेल तेथेंच पट्टा आवळावा. आवळतांना तो सरकतो, म्हणून हँडलाचे दोन फेरे देऊन दिवा खुणेवरच लागतो कीं नाहीं, हें पुन्हां पाहावें. डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरतो. त्याचा 1 अंश म्हणजे इंजिनाचे 2 अंश, तेव्हां केसभर चूकहि दुप्पट होते. काम होतांच स्विच बंद करावा, नाहींतर कॉइल तापते.

खरी परीक्षा चढावर होते. आम्हीं चाळीसगांवाकडून औट्रम घाट चढून पाहिला. रॉकेलची भेसळ असलेलें पेट्रोल खडखड वाढवितें, म्हणून खात्रीच्या पंपावरील पेट्रोल घातलें होतें. वरच्या गिअरमध्यें भार देतांना क्षणभर टकटक झाली व वेग येतांच थांबली. ती चालूच राहिली असती तर डिस्ट्रिब्यूटर किंचित् रोटरच्या दिशेनें, म्हणजे मागें घ्यावा लागला असता. कन्नडला पोंचल्यावर झांकण उघडलें. पाणी उकळलें नव्हतें.