चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकू नका

सोसायटीत फ्लॅट ८४, पार्किंगच्या जागा ३०. ‘तुम्ही सॉफ्टवेअरमधले, यंदा सोडत कॉम्प्युटरवर काढा,’ अशी गळ सेक्रेटरींनीच घातली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर सभेत ‘यांनाच हौस होती’ असं ऐकून घ्यावं लागलं.

पायथनमध्ये चार ओळींचं काम. प्रोजेक्टर लावला. अकरावा नंबर बी-३०४, टाळ्या. एकोणिसावा नंबर पुन्हा बी-३०४. हॉलमध्ये क्षणभर शांतता, मग मागून आवाज, ‘त्यांना दोन जागा का?’ माझी नजर पडद्यावरच्या त्या एका ओळीवर गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी ‘रँडम.चॉइसेस’ लिहिलं होतं. हे फंक्शन चिठ्ठी वाचून पुन्हा डब्यात टाकतं. काढलेली चिठ्ठी बाहेरच ठेवणारं फंक्शन म्हणजे ‘सॅम्पल’.

घरी तपासलं नव्हतं असं नाही. पाच नावं काढून पाहिली होती. पण ८४ मधून पाच काढताना नाव दुसऱ्यांदा येण्याची शक्यता शंभरात जेमतेम ११. तीस काढताना मात्र एकही नाव दुसऱ्यांदा न येण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. जितक्या चिठ्ठ्या काढायच्या, तितक्याच काढून तपासा.

तिथल्या तिथे ‘सॅम्पल’ घातलं. आता ए-१०२ दोनदा! सेक्रेटरी माइकवरून म्हणाले, ‘म्हणून मी चिठ्ठ्याच म्हणत होतो.’ ते असं कधीही म्हणाले नव्हते. शिवाय यादी त्यांचीच होती. ए-१०२ चे मालक नवरा-बायको, म्हणून दोन ओळी, एकीत ‘ए-१०२’, दुसरीत ‘ए १०२’. ‘सॅम्पल’ यादीतली जागा बघतं, तिथे काय लिहिलंय ते नाही. ‘सेट’ केला असता तरी मधल्या रेघेमुळे दोन्ही टिकले असते. आधी रेघा, मोकळ्या जागा साफ करा, मग दुबार नोंदी काढा आणि ओळी मोजा. ८५ भरल्या तर यादी देणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारा. मी विचारलं नाही, तो माझा भिडस्तपणा.

‘आधी आलेलं नाव असेल तर पुन्हा काढ’ असा लूप लिहू नका. सगळीच नावं काढायची असतील तर शेवटच्या एका नावासाठी सरासरी ८४ खेपा होतात, आणि यादीपेक्षा जास्त नावं मागितली तर लूप थांबतच नाही. ‘सॅम्पल’ निदान एरर तरी देतं. त्याहून बरं म्हणजे अख्खी यादी ‘शफल’ने पत्त्यांसारखी पिसा. पहिले तीस घ्या, उरलेली आपोआप प्रतीक्षायादी. जावास्क्रिप्टवाल्यांनी सॉर्टमध्ये रँडम घालून पिसू नये. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये युरोपात ब्राउझर निवडायला जे पान दिलं, त्यात हीच चूक निघाली होती. आणि हो, कोड दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, वगैरे.

सोडत पुढच्या रविवारी स्टीलच्या डब्यातून निघाली. ८४ चिठ्ठ्या कापायला मलाच बसवलं.