परदेशी विद्यार्थ्याची संगत आणि राहणी

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आरंभी गासमधील एक वाडीवाले गृहस्थ सायंकाळी आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीसाठी तो इंग्लंडला जावयाचा होता, आणि कर्जासाठी वाडीचा एक तुकडा तारण ठेवावयाचा होता. खर्चाचा इंग्रजी तक्ता समजून घ्यावा म्हणून ते कागद घेऊन आले होते. शुल्क, विमा, विमानभाडे हे सारे त्यांच्या ध्यानात आले. शेवटच्या ओळीवर मात्र त्यांचे बोट थांबले. ती ओळ राहणीच्या खर्चाची होती. ते म्हणाले, "मास्तर, फी कळली. पण हा आकडा कशाचा? पोर तिकडे शिकायला जाते, की राहायला?"

त्या वेळी आम्ही घरभाडे व जेवण यांचा हिशेब सांगून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. व्यापारशिक्षणासाठी परदेशी गेलेल्या मुलाने तेथे कोणाबरोबर उठावे-बसावे, काय खावे-प्यावे, पैसा कोठे खर्चावा व कोठे राखावा, हा विषय अभ्यासक्रमाच्या पुस्तकात नसतो. तथापि वाडीचा तुकडा सुटतो की जातो, हे पुष्कळदा त्यावरच ठरते. यास्तव या विषयाचा थोडा विचार आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम व्यापारशिक्षणाच्या संस्थांचे स्वरूप पाहू. आपल्याकडे मुंबईस सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले. त्याच्या पाच वर्षे आधी, १९०८ साली, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने आपली व्यापारशाळा काढली. तेथे जी अध्यापनपद्धती पुढे रूढ झाली ती अशी : एखाद्या कारखान्याची वा पेढीची खरी हकीकत वर्गापुढे ठेवावयाची, आणि "या जागी तुम्ही असता तर काय केले असते?" असे विचारावयाचे. गुरुजी थोडे बोलतात. विद्यार्थीच एकमेकांशी वाद घालतात. त्यासाठी आदल्या दिवशी चार-सहा जणांच्या गटाने एकत्र बसून तयारी करावी लागते. गटात एक ब्राझीलचा, एक चीनचा, एक जर्मनीचा असा मेळ असतो. अमेरिकेत हा अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा असतो. युरोपात पुष्कळ ठिकाणी एकच वर्षाचा. वर्गानंतर मंडळे, स्नेहभोजने, सहली, आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी भेटीगाठी चालतात.

यावरून एक गोष्ट उघड होते. अशा ठिकाणी संगत हा अभ्यासाचाच भाग आहे. "खोलीचे दार लावून अभ्यास कर," हा आपल्या आजोबांचा उपदेश गणिताच्या परीक्षेस पुरेल, येथे पुरणार नाही. जो कोणाशी बोलत नाही त्याला वर्गात बोलता येत नाही, आणि त्याची ओळखही कोणास राहत नाही. उलटपक्षी प्रत्येक बोलावण्यास होकार देणाऱ्याचे पैसे सहा महिन्यांत संपतात, व झोपही संपते. मग मार्ग कोणता? आपल्या आधी गेलेल्यांची चरित्रे या बाबतीत चांगली वाट दाखवितात.

१८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. सुसंस्कृत गृहस्थ दिसावे म्हणून आरंभी त्यांनी जी धडपड केली, तिची कबुली त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने दिली आहे. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा पोशाख शिवविला, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, नाचाच्या वर्गाचे तीन पौंड भरले, व्हायोलिन घेण्यास आणखी तीन पौंड घातले. हा नाद सुमारे तीन महिने टिकला. नंतर त्यांनी पैशापैशाचा हिशेब लिहावयास आरंभ केला, लहान खोली घेतली, आणि गाडीभाडे वाचवून रोज आठ-दहा मैल चालू लागले. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मांस व मद्य यांना न शिवण्याची शपथ त्यांनी आईपुढे घेतली होती. या शपथेमुळे ते एकाकी पडतील, असे मित्रांस वाटे. घडले उलट. शाकाहारी खाणावळ शोधता शोधता त्यांना इंग्रज शाकाहारी मंडळी भेटली, त्यांच्या संस्थेच्या कार्यकारी समितीवर ते गेले, आणि लाजाळू तरुणास सार्वजनिक कामाचा पहिला धडा तेथे मिळाला. जी टोपी त्यांना लोकांत मिसळण्यासाठी हवी होती तिने काही साधले नाही. जे व्रत आड येईल असे वाटत होते त्यानेच स्नेही मिळवून दिले.

आपल्या शेजारच्या कल्याणच्या, १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांची गोष्ट याहून कठीण. वयाच्या अठराव्या वर्षी, १८८३ साली, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. धर्म, पोशाख व आहार सोडणार नाही, असे त्यांनी निघण्यापूर्वीच जाहीर सभेत सांगितले होते. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी मुलीप्रमाणे ठेवून घेतले. १८८५ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या सबात इस्लांबूली अशा तिघी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. तिघींची विद्या एक, वेष तीन. आणि एकीचा वेष दुसरीस अडला नाही. परंतु चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८८६ साली पदवी मिळाली तेव्हा आनंदीबाईंची प्रकृती पार ढासळली होती, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयास बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, क्षयाने त्यांचा अंत झाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते, हे खरे. तरीही परक्या थंडीत शरीराची हेळसांड परवडत नाही, हा बोध त्यातून घ्यावा. गरम कपडे, पोटभर अन्न व वेळेवर वैद्य यांत काटकसर करू नये. काटकसरीची जागा दुसरी आहे.

ती जागा कोणती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतून कळते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे पुढे त्यांनी नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात बिऱ्हाड केले. पैसा उरला की जुन्या पुस्तकांच्या दुकानात जावा, असा क्रम होता. हिंदुस्थानात परतल्यावर १९१८ पासून त्यांनी आमच्या ओळखीच्या त्याच सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकविले, आणि पगारातून बचत केली. १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा ही बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य, आणि त्याच नवल भथेनांनी दिलेले कर्ज कामी आले. लंडनमध्ये ते अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढीत, आणि १९२३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी डी. एस्सी. ही पदवी मिळविली. त्यांचे उपाशी राहणे अनुकरणीय नाही. ती गरिबीने केलेली सक्ती होती. अनुकरणीय आहे ते हे, की चैनीचा पैसा पुस्तकांकडे वळला, आणि वसतिगृहातला एक मित्र जन्मभराचा झाला. शंभर ओळखींपेक्षा असा एक भथेना मोलाचा.

या तिघांत साम्य काय? काय राखावयाचे हे त्यांनी ठरविले होते. गांधींनी व आनंदीबाईंनी ते घर सोडण्यापूर्वीच ठरविले. आंबेडकर कशासाठी आलो हे विसरले नाहीत. ज्याचे हे ठरलेले असते तो कोणातही निर्भयपणे मिसळतो. ज्याचे ठरलेले नसते तो भीतीने कोंडून तरी घेतो, नाहीतर प्रवाहाबरोबर वाहून तरी जातो. आम्हांस सांगावयाचे मुख्य ते एवढेच.

आता आपल्या गावाच्या संदर्भात काही व्यावहारिक सूचना करतो.

पहिली मद्याविषयी. परक्या गावच्या लोकांना वाटते तसा हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. आपल्या लग्नकार्यात पेला फिरतो, आणि मुलांनी तो लहानपणापासून पाहिलेला असतो. म्हणूनच "तिकडे जाऊन बिघडला" ही तक्रार अर्धवट खरी असते. व्यापारशाळेच्या स्नेहसंमेलनांत मद्य असतेच. परंतु ते न घेणारेही पुष्कळ असतात. हातात फळांचा रस धरून दोन तास उत्तम बोलता येते. कारणे सांगत बसू नये; "मी घेत नाही" एवढे तीन शब्द पुरतात. घेणाऱ्याने आपली मर्यादा घरूनच ठरवून न्यावी, कारण ती त्या रात्री ठरविता येत नाही.

दुसरी संगतीविषयी. घरी कादोडी बोलणाऱ्या मुलास परदेशी एखादा वसईकर भेटला की स्वर्ग भेटल्यासारखे होते. तो आनंद अवश्य घ्यावा. रविवारी एकत्र जेवावे, घरून आलेली सुकेळी वाटून खावी. परंतु सातही दिवस आपल्याच लोकांत काढले, तर विमानाचे भाडे व्यर्थ गेले. सोळाव्या शतकात आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानात गेले तेव्हा त्यांनी तेथील भाषा आत्मसात केली, आणि पुढे काही काळ व्यापारही केला. त्यांना कोणतीही व्यापारशाळा नव्हती. लोकांत मिसळणे हीच त्यांची शाळा.

तिसरी पैशाविषयी. स्वयंपाक शिकून जावे. मुलींनी जितका, तितकाच मुलांनीही. भात, डाळ, मासळीचे कालवण व दोन भाज्या ज्यास करता येतात त्याचा मोठा खर्च वाचतो, आणि परदेशी मित्रास घरी जेवावयास बोलाविण्याची सोयही होते. फावल्या वेळी काम करण्याची परवानगी इंग्लंड-अमेरिकेत सत्र चालू असता साधारणतः आठवड्यास २० तासांपर्यंत असते. काम करावे, पण नियम मोडू नये. सहलींपैकी सत्रात एक निवडावी, बाकीच्यांना सरळ "मला परवडत नाही" असे सांगावे. हे वाक्य उच्चारण्यास धैर्य लागते खरे. पण ज्या शाळेत पैशाचाच विचार शिकवितात, तेथे त्याची लाज कसली?

चौथी पालकांसाठी. मुलास कर्जाचा आकडा लपवू नका, आणि त्याचा धाकही घालू नका. शिक्षण चालू असता हप्ता नसला तरी व्याज चढत असते, हे त्यास निघण्यापूर्वी समजावून सांगा. नातेवाईकांपुढे मिरविण्यासाठी त्याची छायाचित्रे मागू नका. सहलीचे सुंदर चित्र धाडणारा मुलगा कित्येकदा तीन दिवस कोणाशी बोललेला नसतो. फोनवर "काय जेवलास?" हे विचाराच, त्याबरोबर "कोणाबरोबर जेवलास?" हेही विचारा.

ज्या मुलाच्या निमित्ताने हे लिहिले, त्याने पहिल्या नाताळात आम्हांस पत्र पाठविले. आरंभीच्या दोन महिन्यांत इतरांच्या बरोबरीने राहण्यापायी बराच पैसा उडाला, आणि ते घरी सांगण्याचे धैर्य होत नाही, असे त्यात होते. आम्ही त्यास एकच ओळ लिहिली : "आजच बापास सांग." त्याने सांगितले. वडिलांनी दोन दिवस मौन धरले, तिसऱ्या दिवशी फोन करून विचारले, "आता महिन्याला किती लागतील ते नीट लिहून धाड." मुलाने प्रथमच खरा हिशेब लिहिला. आता त्याचे शिक्षण पुरे झाले आहे, नोकरी लागली आहे, आणि कर्ज फिटत आहे. अजून फिटलेले नाही. वाडीच्या त्या तुकड्यात यंदा पुन्हा केळी लावली आहे.

त्या सायंकाळी न दिलेले उत्तर आता देता येईल. पोर तिकडे शिकावयास जाते; पण शिकण्याचा निम्मा भाग राहण्यातच असतो. म्हणून तो आकडा केवळ पोटाचा नव्हे. तो कशावर खर्च होईल, हे घरच्या ओट्यावर बसून, बाप-लेकांनी आधी बोलून घेतले, तर तो आकडा जड जात नाही.