शोध झाला, पण माल दिसला नाही
ऑनलाइन बाजारातील पुरवठ्याची तूट ओळखण्याची रीत

विक्री झाली नाही म्हणजे मागणी नव्हती, असे अनुमान पुष्कळदा काढले जाते. ते नेहमीच खरे नसते. तालुक्याच्या दुकानातील बियाण्याच्या पिशव्या सकाळीच संपल्या व दुपारी दहा शेतकरी रिकाम्या हाताने परतले, तर दुकानाच्या विक्रीवहीत त्या दहा जणांची नोंद होत नाही. ऑनलाइन बाजारात मात्र अशा गिऱ्हाइकाचीही नोंद राहू शकते. त्याने काय शोधले, किती विक्रेत्यांचा माल त्यास दिसला व त्याने खरेदी केली किंवा कसे, या तीन गोष्टी संगणक टिपून ठेवू शकतो.

राष्ट्रीय कृषी बाजार १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला, तर ओएनडीसी हे खुले व्यापारजाळे चालविणारी कंपनी २०२१ च्या अखेरीस स्थापन झाली. शेतकरी उत्पादक कंपन्या आता किरकोळ गिऱ्हाइकासही ऑनलाइन माल विकतात. म्हणून शोधांच्या नोंदी वाचण्याची रीत ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

नोंदींची मांडणी

उदाहरणादाखल नाचणी घेऊ. समजा, एका महिन्यात नाचणीसाठी १,००० शोध झाले. दिसलेल्या विक्रेत्यांच्या संख्येप्रमाणे त्यांचे गट पाडावेत. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

एकही विक्रेता नाही : शोध १००, खरेदी ०
१ ते २ विक्रेते : शोध २००, खरेदी ८ (४ टक्के)
३ ते ५ विक्रेते : शोध ३००, खरेदी २७ (९ टक्के)
६ ते १० विक्रेते : शोध २५०, खरेदी ३५ (१४ टक्के)
१० हून अधिक : शोध १५०, खरेदी २१ (१४ टक्के)

विक्रेते वाढतात तसे खरेदीचे प्रमाण वाढते. परंतु सहाच्या पुढे ते स्थिरावते. खताच्या मात्रेचेही असेच असते. पहिल्या मात्रांनी उत्पन्न झपाट्याने वाढते, पुढे वाढ मंदावते. जर्मन शास्त्रज्ञ मिट्शरलिख यांनी १९०९ साली हा नियम समीकरणात मांडला. आपल्या उदाहरणात वक्ररेषा जेथे सपाट होते तेथे, म्हणजे सुमारे सहा विक्रेत्यांपाशी, पुरवठा पुरेसा मानावा. त्याखालील शोध तुटीचे होत.

तुटीचा अंदाज

सर्वच शोधांत पुरेसा माल दिसला असता, तर १४ टक्के प्रमाणाने १४० खरेद्या झाल्या असत्या. प्रत्यक्षात ९१ झाल्या. म्हणजे ४९ खरेद्या हुकल्या. प्रत्येक खरेदी दोन किलोंची धरल्यास हा माल सुमारे एक क्विंटल होतो. ही मागणी विक्रीवहीत कोठेही दिसत नाही.

घ्यावयाची दक्षता

१. समान गोष्टींचीच तुलना करावी. कमी विक्रेते दिसणारी गावे दूरची असतील, तर खरेदी न होण्याचे कारण पोचविण्याचा खर्चही असू शकेल. म्हणून संख्याशास्त्रज्ञ विक्रेत्यांची संख्या, भाव, ठिकाण, पोचण्याचे दिवस व हंगाम एकाच समीकरणात घेतात आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा काढतात. खरेदी होईल की नाही याची शक्यता अजमावणाऱ्या या रीतीस लॉजिस्टिक समाश्रयण म्हणतात.

२. थोड्या नोंदींवर विसंबू नये. २० शोधांत एक खरेदी म्हणजे ५ टक्के. आणखी एकच झाली असती तर प्रमाण १० टक्के झाले असते.

३. नावे तपासावीत. नाचणीस कोठे नागली, तर कोठे रागी म्हणतात. उत्तराखंडात तिला मंडुवा हे नाव आहे. विक्रेत्याने एकच नाव लिहिले असेल, तर माल असूनही शोधात येत नाही. अशी तूट पेरणीने नव्हे, लेखणीने भरून निघते.

तूट आढळल्यास काय करावे

लागलीच जादा क्षेत्र पेरण्याचा सल्ला देऊ नये. एका महिन्याच्या शोधांवरून अनेक गावांनी एकच पीक वाढविले, तर सुगीच्या वेळी भाव कोसळतील व तोटा शेतकऱ्यास सोसावा लागेल. प्रथम मालाची सर्व प्रचलित नावे नोंदवावीत. नंतर आसपासच्या गावांत घरी साठविलेले धान्य स्वच्छ व प्रतवारी करून विक्रीस मांडावे. त्यानंतरही तूट दोन-तीन हंगाम टिकून राहिली, तरच क्षेत्रवाढीचा विचार करावा.

शोधांच्या नोंदी बाजार चालविणाऱ्या संस्थेकडे असतात. उत्पादक कंपनीने गटवार आकडे तिच्याकडे मागावेत. गिऱ्हाइकांची नावे मागण्याचे कारण नाही. आकडे न मिळाल्यास कार्यकर्त्याने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, निरनिराळ्या शहरांचे पिनकोड घालून स्वतः शोध घ्यावा व किती विक्रेते दिसले ते वहीत लिहावे. दूरध्वनीवरून विचारणा करून माल न मिळालेल्या गिऱ्हाइकांचीही नोंद ठेवावी. यावरून खरेदीचे प्रमाण कळणार नाही, तथापि माल कोठे अपुरा दिसतो हे कळेल.

एखादे पीक खपत नाही म्हणून सोडून देण्यापूर्वी, ते गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडत होते काय, हा प्रश्न प्रत्येक शेतकरी बंधूने अवश्य विचारावा.