मूठ विकायची तर

हातोदहून हे पत्रच लिहितो, कारण फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं विसरतोस. तुझ्या कपाटातल्या तलवारींच्या मुठी, परजा, म्यानांची चांदीची टोकं, हे सगळं विकायचं मनात आहे म्हणालास. मग आत्ताच विक. नजर आणि आठवण दोन्ही शाबूत आहेत तोवर. कोणती मूठ महूच्या भंगारातून उचललीस आणि कोणती देवासला कुणाच्या माळ्यावरून उतरवलीस, हे फक्त तुझ्या डोक्यात आहे. तुझ्यामागे पोरं हे सगळं डब्यात भरून बर्तन बाजारात नेतील आणि लोखंडाच्या भावाने देऊन मोकळी होतील.

म्हणून आधी वही घाल. प्रत्येक नगाला दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांध, चिकटवू नकोस. वजन, लांबी, दोन्ही बाजूंचे फोटो, कुणाकडून, कधी, किती रुपयांना. आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असंच लिही. इंदुरात दर तिसरी मूठ ‘होळकरांच्या शिलेखान्यातली’ असते आणि तिचा पुरावा म्हणजे विकणाऱ्याचा आवाज! जाणकार गिऱ्हाईक अशी एक थाप पकडतं आणि उरलेल्या खऱ्या नोंदींवरही विश्वास ठेवत नाही.

जपानी लोकांचं याबाबतीत बघ. 1876 मध्ये तिकडे सामुरायांना कमरेला तलवार लावायला बंदी झाली. त्सुबा म्हणजे मुठीपुढची चकती, मुठीवरची छोटी नक्षीची पदकं, हे सगळं बिनकामाचं झालं आणि ढिगाने युरोप-अमेरिकेत गेलं. आपल्याकडे दोनच वर्षांनी, 1878 मध्ये, इंग्रजांचा शस्त्र कायदा आला. म्हणजे दोन्हीकडच्या तलवारी एकाच सुमारास घरी बसल्या. पण त्यांच्या त्सुब्याला लाकडी पेटी असते, पेटीच्या झाकणावर जाणकाराचा शेरा असतो, आणि 1948 पासून तिथली तलवार जतन करणारी संस्था तपासून दाखला देते. आपल्या मुठीला नानकटाईचा डबा. त्यामुळे तुझी वही हाच दाखला.

आता हात आवर. विकायच्या आधी चकचकीत करायची हौस येते. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर, पितळेचं पॉलिश यांतलं काही लावायचं नाही. लाल गंज भुरभुरत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब आणि मऊ फडकं, बस. काळा गंज घट्ट बसलाय तो राहू दे. खोबरेल नको, ते चिकटून बसतं. मूठ पात्यावर लाखेने बसवलेली असते. ती गॅसवर तापवून सोडवायला जाऊ नकोस, नक्षीचे बारा वाजतात.

कोफ्तगिरी तर भिंगाखालीच बघ. कारागीर लोखंडावर आडव्या-उभ्या बारीक रेघा खरवडायचा आणि त्यांत सोन्या-चांदीची तार ठोकून बसवायचा. तळव्याला घासून चांदी उडालेली असते तिथे त्या रेघांची जाळी उघडी पडते आणि खाचांत चांदीचे कण अडकलेले दिसतात. जाळीच नसेल, चांदी सगळीकडे सारखी असेल, खोलगट भागातसुद्धा, तर तो बहुधा मुलामा. या चांदीचं वजन मात्र नगण्य असतं. सराफ्यात कुणी तराजू काढला की वस्तू उचलायची आणि घरी यायचं.

पहिल्याच माणसासमोर सगळं मांडू नकोस. तो मलई काढून नेईल आणि उरलेल्या साठ फुटकळ नगांना कुणी विचारणार नाही. एका चांगल्या मुठीबरोबर चार-पाच साध्या लावून गट कर. ‘दाखवून आणतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पावतीशिवाय काही द्यायचं नाही, मग तो कितीही जुना मित्र असो. लिलावात देणार असशील तर कमिशन आणि किमान किंमत आधी लेखी घे.

सगळंच विकवत नसेल तर पुण्याचे दिनकर केळकर आठव. कवितेत ‘अज्ञातवासी’, पण त्यांचं संग्रहालय साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. 1896 चा जन्म, 1975 मध्ये संग्रह सरकारला दिला, आणि 1990 पर्यंत स्वतः हयात होते. दिल्यावर पंधरा वर्षं बघायला मिळाली. तूही दोन-चार उत्तम नग संग्रहालयाला देऊ शकतोस, पण ते मांडणार की गोदामात ठेवणार, हे आधी विचार.

पातं जोडलेलं असेल तो नग वेगळा काढ. त्याला 1959 चा शस्त्र कायदा लागू होऊ शकतो, म्हणून कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत लेखी विचार. शंभर वर्षं जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा धंदा करणाऱ्याकडे पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो, तो बघायला माग. परदेशातला भाचा ‘एक आठवण म्हणून नेतो’ म्हणाला तरी हो म्हणू नकोस. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे.

एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही, कायदाच आहे. कलावस्तू घरातली म्हणून करातून सुटत नाही, भांडवली नफा धरतात. एप्रिल 2001 च्या आधी घेतलेल्या नगांना तेव्हाची बाजारभावाची किंमत धरता येते. ती नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घे आणि त्याची फी आधी ठरव. तोही आपल्यासारखाच हौशी निघाला तर दिवसभर गप्पा मारत बसेल.